हरेल त्याचा खर्रा

मी एक जुना कॅरम बोर्ड आहे, मित्रांनो. आज सकाळपासून मी तेल्हाऱ्यातल्या एका घराच्या ओसरीत, लोखंडी पिंपावर पडून आहे. माझ्या मधोमध सोंगट्या गोल मांडल्या आहेत, राणी बरोबर मध्यावर आहे, पावडरही टाकून झाली आहे. नाहीत ते फक्त खेळणारे. ते दोघे पहिल्या गाडीने अमरावतीला गेले आहेत. ते परत येईपर्यंत मला दुसरे काम नाही, म्हणून म्हटले तुम्हाला माझी हकिकत सांगावी. ती ऐकून तुम्ही मला चांगला म्हणाल, याची मात्र मला खात्री नाही.

माझा जन्म अकोल्याचा. एका म्हाताऱ्या सुताराने माझी चौकट शिसवाची केली, प्लाय घासून घासून गुळगुळीत केला आणि चार कोपऱ्यांकडे चार बाण काढले. चौथा बाण काढताना त्याला शिंक आली. बाण वाकडा झाला. गिऱ्हाईक दारात उभे होते, म्हणून त्याने तो तसाच ठेवला आणि आजही तो तसाच आहे. पुढे माझ्यावर जो जो हरला, त्याने त्या वाकड्या बाणावर खापर फोडले. नाचता येईना, अंगण वाकडे!

ते गिऱ्हाईक म्हणजे तेल्हाऱ्याच्या एका जिनिंगचा मुकादम. त्याने मला कामगारांच्या खोलीत नेऊन ठेवले. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर लागलेली असे आणि आत सरकी वेगळी करणारी यंत्रे धडधडत असत. रुईचे बारीक तंतू उडून माझ्यावर येऊन बसत. खेळायच्या आधी मला फुंकर मारावी लागे. ते माझे सुखाचे दिवस होते.

त्या जिनिंगमध्ये अब्दुल सत्तार नावाचे फिटर होते. यंत्र बंद पडले की मुकादम आधी त्यांच्या नावाने ओरडायचा, मग देवाच्या. सत्तारभाई नुसता हात लावून सांगत की कोणता पट्टा ढिला आहे. त्यांनी यंत्राच्या फायबरचा एक मोडका तुकडा घासून स्वतःसाठी स्ट्रायकर तयार केला. तो काळपट स्ट्रायकर त्यांच्या बोटाने सुटला की मला कळायचे, ही सोंगटी गेली. तीस वर्षांत हजार बोटे माझ्यावरून फिरली असतील, पण तसे बोट दुसरे नाही. खेळताना त्यांच्या तोंडाचा पट्टाही चालू असे. "आता पाहा हं, ही गोरी बाई चालली सासरी!" म्हणत ते पांढरी सोंगटी कोपऱ्यातल्या जाळीत घालत आणि सगळी खोली हसे.

त्यांच्यासमोर बसत ते शेषराव. जिनिंगच्या मागेच शेषरावांचा भाजीचा मळा होता. मेथी-पालक द्यायला म्हणून ते येत आणि डावाला बसत. बसत ते नेमके वाकड्या बाणाच्या बाजूला, आणि हरतही. तरी त्यांनी जागा कधी बदलली नाही. "माह्या नशिबातच वाकडा बाण हाय," असे ते म्हणत आणि त्यातच त्यांना मजा वाटे.

मग कापसाची ती वाईट वर्षे आली. गाड्यांची रांग आखडली, एक एक यंत्र थांबले आणि एका पावसाळ्यानंतर जिनिंगचे फाटक उघडलेच नाही. ज्याला जे न्यायचे ते न्या, असे मुकादमाने सांगितले. कोणी नट आवळायचे पाने नेले, कोणी घमेली. सत्तारभाईंनी मला सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणले. दारातच त्यांच्या बीबी हलीमाबी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लोकं लोखंड घेऊन आले, अन् तुमी लाकूड आनलं."

मित्रांनो, आता मला माझा गुन्हा सांगायचा आहे.

सत्तारभाईंच्या अंगणातल्या शेवग्याखाली माझा अड्डा जमला. हाताला काम नसलेली माणसे सकाळी दहाला येत आणि दिवेलागणीला उठत. त्यांनीच एक रिवाज पाडला. जो हरेल, त्याने जिंकणाऱ्याला खर्रा द्यायचा. तुम्ही वऱ्हाडातले असाल तर खर्रा सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोट-घोट घोटतात आणि चिमूट चिमूट गालात ठेवतात. शेषराव गुडघ्यावर पन्नी घासत बसत. तो खसखस आवाज आला की मला वाटे, चला, सत्तारभाई जिंकले!

जो सगळ्यांत चांगला खेळे, त्याला सगळ्यांत जास्त खर्रा मिळे. हे एवढे साधे गणित मला नऊ वर्षांत उमगले नाही. मी फुशारून जात होतो. सत्तारभाईंची प्रत्येक जीत माझ्याच अंगावर होत होती आणि त्यांच्याच गालात जाऊन बसत होती.

पुढे सत्तारभाई घरात म्हणू लागले, तिखट कमी घाल. वऱ्हाडातला माणूस तिखट कमी घाल म्हणाला की समजावे, कुठेतरी बिघडले आहे. हलीमाबींचा ठेचा पोरांनाही आवडे, त्यांच्या मुलीला, निखतला, तर तो अमरावतीला सासरी डब्यात भरून जाई. सत्तारभाईंनी ठेच्याकडे पाहणेच सोडले. तोंडही पुरते उघडेना. अड्ड्यावरचे वैद्य काय थोडे होते? कोणी म्हणाले अंगात उष्णता वाढली, तूप लावा. कोणी म्हणाले अक्कलदाढ येत असेल, आणि पन्नाशीत अक्कल येते म्हणून सगळे हसले. शेषराव म्हणाले, "सत्तारभाऊ, दुखते तिथंच चिमूट ठेवा, बधिर होते." खरेच बधिर होई. म्हणून सत्तारभाई जास्त खाऊ लागले. यंत्राचा आवाज बदलला तर जो माणूस ताबडतोब मशीन थांबवे, त्याने स्वतःचे मशीन वर्षभर तसेच चालू दिले.

गालातून रक्त आले तेव्हा ते अकोल्याला डॉक्टरांकडे गेले. परत आल्यावर शेवग्याखाली बसून सांगू लागले, "डाक्टर म्हने, तीन बोटं उभे तोंडात घाला. चांगल्या मानसाच्या तोंडात तीन जातात म्हने. माहं एकच गेलं. मी म्हनलो, डाक्टरसाहेब, बाकीचे दोन कॅरमसाठी ठेवले!" सगळे हसले. त्यांच्या स्वतःच्या आवाजातला तो शेवटचा विनोद मी ऐकला.

अमरावतीला ऑपरेशन झाले. डाव्या बाजूचा जबडा काढला. महिन्याने ते घरी आले तेव्हा एक गाल आत बसलेला होता, आणि बोलले की तोंडात रुई कोंबल्यासारखा आवाज येई. आपले बोलणे कोणाला कळत नाही असे पाहून त्यांनी बोलणेच टाकले. एक वही जवळ ठेवली. ते उर्दू शाळेत शिकलेले, उर्दूत लिहीत. हलीमाबी ते अडखळत अडखळत आपल्या वऱ्हाडी बोलीत मोठ्याने वाचत, म्हणून मलाही कळे. पूर्वी हे घर सत्तारभाईंच्या आवाजाने भरलेले असे. आता त्यांचे बोलणेही हलीमाबींच्याच आवाजात ऐकू येई, आणि ते ऐकताना मला फार वाईट वाटे.

अड्डा मोडला. एकही माणूस फिरकला नाही. शेषराव तर सायकलवरून घरासमोरून जात, पण मान वळवत नसत. फाटकाला मेथीची जुडी अडकवून निघून जात. पहिल्या जुड्या हलीमाबींनी बकरीला घातल्या.

आणि मला त्यांनी उचलून भिंतीवरच्या खिळ्याला लटकावले. तोंड भिंतीकडे. म्हणाल्या, "यानंच घरात आनला तो खर्रा. काळतोंड्या!" चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण मी काही संन्यासी नव्हतो. मी गप्प राहिलो. बोर्डाला दुसरे काय करता येते?

यानंतर शेकाचे दिवस आले. मोठ्या यंत्राखाली निजवून किरणांचा शेक देतात. सोमवार ते शुक्रवार, रोज एक, असे तीस. शिवाय आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. त्यासाठी दोघे अमरावतीला निखतकडे राहायला गेले. जावई मोहसीन नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात जाई. घर दोन खोल्यांचे, पण मन मोठे. नऊ शेक झाले आणि शनिवारी सत्तारभाई एकटेच उठून तेल्हाऱ्याची गाडी धरून परत आले. मागच्या गाडीने घाबऱ्या झालेल्या हलीमाबी आल्या. त्यांनी वही समोर धरली. सत्तारभाईंनी एकच ओळ लिहिली. हलीमाबींनी ती वाचली, "आता जानार नाही."

एकवीस शेक राहिले होते. निखत फोनवर रडत होती. डॉक्टरांनी तिला बजावले होते की मधे खंड पडला तर आधीचे सगळे पाण्यात जाईल, आणि राहिलेला आजार पुन्हा डोके वर काढील. हलीमाबींनी समजावले, रागावल्या, हात जोडले. सत्तारभाई बाजेवर बसून चादरीचे धागे उसवत राहिले. एका रात्रीत त्यांनी अर्धी किनार उसवली असेल.

रविवारी सकाळी हलीमाबींचा तोल गेला. त्या कुऱ्हाड घेऊन आल्या आणि मला खिळ्यावरून ओढून अंगणात टाकले. म्हणाल्या, "याले फोडतो आदी! यानंच वाटोळं केलं! जीतत होते न तुमी? घ्या, जीतले!" दीड महिन्याने मला उजेड दिसला आणि उजेडात पहिली दिसली ती कुऱ्हाड. मी घाबरलो, पण खरे सांगतो, मला ते चुकीचेही वाटले नाही.

सत्तारभाई उठले नाहीत. त्यांनी वही घेतली आणि पुष्कळ वेळ लिहिले. मग वही हलीमाबींपुढे सरकवली. एका हातात कुऱ्हाड धरूनच हलीमाबींनी वाचायला सुरुवात केली. "तिथं मी निस्तं तोंड हाय. नर्स तोंड पायते. डाक्टर तोंड पायते. निखत तोंडात काय गेलं ते पायते, तू तोंडातून काय सांडलं ते पायतं. यंत्राखाली जाळीचा मुखवटा लावून तोंड पलंगाले कसते. सकायपासून संध्याकायपर्यंत आराम करा, आराम करा. माहे हात कोनी पायले का?"

शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग त्यांनी सत्तारभाईंच्या हातांकडे पाहिले. ते हात अजून चादरीचा धागा ओढत होते. हलीमाबींनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली. त्या आत गेल्या, ओले फडके आणले आणि मला पुसायला वाकल्या. झटकन सत्तारभाईंनी त्यांचे मनगट धरले. कॅरमला पाणी! घरी आल्यापासून ते पहिल्यांदा बाजेवरून आपण होऊन उठले ते त्या ओल्या फडक्यापायी. त्यांनी घासलेटाचा बोळा आणला आणि माझ्या चौकटीवरचे चुन्याचे आणि तांबूस बोटांचे डाग स्वतः काढत बसले. दुपार झाली. डाग सगळे निघाले नाहीत.

"हे येईन अमरावतीले," शेवटी हलीमाबी म्हणाल्या. "पन ज्याच्या तोंडात काही असन, तो याच्यापाशी बसनार नाही. मंग तो कोनी का असेना." सत्तारभाईंनी मान हलवली. सोमवारी पहाटे त्यांनी मला जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि आम्ही तिघे गाडीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "आरसा हाय का बाई? फुटन न!" हलीमाबी म्हणाल्या, "पेशंटचं सामान हाय," आणि मला मांडीशी घट्ट धरून बसल्या. कालपर्यंत मला फोडायला निघालेली बाई!

अमरावतीला खेळायला कोणी नव्हते. निखत आणि मोहसीन कामाच्या घाईत. मग हलीमाबीच पदर खोचून समोर बसल्या. इतकी वर्षे त्यांनी मला शिव्या दिल्या होत्या, स्ट्रायकर कधी धरला नव्हता. पहिल्याच फटक्याला स्ट्रायकर उडून खिडकीतून बाहेर गेला. सत्तारभाईंचे खांदे हलले. तोंडाने हसता येत नव्हते, ते खांद्याने हसले.

हलीमाबी अर्थातच हरल्या. उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि वाटीभर मुगाच्या डाळीचे पातळ कढण घेऊन आल्या. "हरेल त्यानं जीतनाऱ्याले खिलवायचं. तुमचाच रिवाज हाय. घ्या."

मित्रांनो, शेकाने त्यांचा घसा आतून सोलून निघाला होता. पाण्याचा घोटही निखाऱ्यासारखा जाई. वजन उतरत चालले होते आणि डॉक्टर नाकातून नळी घालायचे म्हणत होते. सत्तारभाईंनी वाटीकडे पाहिले, बीबीकडे पाहिले. हा डाव तर त्यांच्यावरच उलटला होता! पण जिंकलेला खर्रा त्यांनी कधी नाकारला नव्हता, मग कढण कसे नाकारणार? डोळ्यांतून पाणी काढत, चमच्या-चमच्याने त्यांनी अर्धी वाटी संपवली. त्याला पाऊण तास लागला.

असे रोज होऊ लागले. सकाळी शेकाला जाण्याआधी एक डाव, आल्यावर झोप, चार वाजता दुसरा डाव. गल्लीतली पोरे खिडकीत जमत. त्यांच्या कॅरमच्या फाटक्या जाळ्या सत्तारभाईंनी सुतळीने विणून दिल्या. जिभेची चव गेली होती, तरी निखतने चहा ठेवला की ते नुसता वास घ्यायला चुलीपाशी जाऊन उभे राहत. सोळावा शेक झाला, सतरावा झाला. मला वाटू लागले, जमते आहे.

पण खोड जाते कुठे? सत्तारभाई मुद्दाम हरू लागले. हरले की कढण प्यायची पाळी हलीमाबींची! जाळीच्या तोंडाशी आलेली सोंगटी ते अशी हुकवत की पाहणाऱ्याला वाटावे नशीब फुटके. हलीमाबींनी तीन दिवसांत ओळखले. "मले हरता येते. तुमाले येत नाही, उगी चोऱ्या करू नका," असे म्हणून त्या वाटी त्यांच्याच पुढे ठेवत.

बाविसाव्या शेकाच्या दिवशी ते पुन्हा हुकले. राणी अगदी जाळीच्या काठावर होती. एरवी त्यांनी डोळे मिटून घेतली असती अशी. स्ट्रायकर वाकडा सुटला आणि चौकटीला आपटून थांबला. "पुन्हा चोरी!" हलीमाबी कडाडल्या. "तुमाले वाचायचंच नाही! मी रात्रंदिवस हाडाचे काडं करून राहिली, अन् तुमी घोटभर कढनासाठी खोटं खेळता!"

त्यांना वाटले खोटे. मला माहीत होते की नाही. बोट माझ्या अंगावरूनच सरकले होते. त्या बोटाला आपल्याखाली स्ट्रायकर आहे की पावडर, हेच कळत नव्हते. सलाईनच्या औषधाने बोटांची टोके बधिर झाली होती. मला ओरडून सांगायचे होते. पण लाकडाला तोंड नाही, आणि ज्यांना होते त्यांचे असे झाले होते.

सत्तारभाईंनी वही घेतली नाही. त्यांनी उजव्या हाताचे ते बोट हलीमाबींच्या समोर धरले, त्यांचा हात ओढून त्यांचे नख आपल्या बोटाच्या टोकात खुपसले. पार पांढरा वळ उठेपर्यंत. ते हलले नाहीत. नुसते पाहत राहिले. ज्या बोटाला यंत्राचा ढिला पट्टा नुसता स्पर्शाने कळे, ते बोट.

हलीमाबींनी ते बोट दोन्ही हातांत धरले आणि त्या हमसून हमसून रडल्या. सत्तारभाईही रडले. त्या दिवसापर्यंत दोघांपैकी कोणीही दुसऱ्यासमोर रडले नव्हते. मला तर वाटले, संपले. आता हा माणूस उद्या शेकाला जाणार नाही.

थोड्या वेळाने हलीमाबींनी पदराने नाक पुसले आणि स्ट्रायकर उचलून डाव्या हातात घेतला. म्हणाल्या, "मंग मी बी डाव्या हातानं खेळतो. म्हंजे बरोबरी झाली. मारा."

तो मी पाहिलेला सगळ्यांत वाईट डाव होता, मित्रांनो. दोन तास चालला. सोंगट्या जिकडे नको तिकडे गेल्या, राणी चार वेळा परत मध्यावर आली. शेवटी कोण जिंकले ते दोघांच्याही लक्षात राहिले नाही. वाटी मात्र आली, आणि दोघांनी अर्धी अर्धी प्यायली. दुसऱ्या दिवशी सत्तारभाई शेकाला गेले. तिसाव्यालाही गेले. नाकात नळी घालायची वेळ आली नाही.

या गोष्टीला आठ महिने झाले. तपासण्या चालू आहेत. पुढचे कोणी छातीठोक सांगत नाही आणि सत्तारभाई विचारतही नाहीत. बोटांत थोडी जाणीव परत आली आहे, पुरती नाही. ते आता पुन्हा बोलतात. शब्द ओले येतात, पण ज्यांना ऐकायचे आहे त्यांना कळतात. घरी एक माणूस रोज ऐकते, त्यामुळे त्यांनी वही ठेवून दिली आहे.

फाटकावरच्या मेथीच्या जुड्या मात्र चालूच होत्या. अलीकडे हलीमाबी त्या शिजवू लागल्या होत्या. काल दुपारी जुडी अडकवताना शेषराव सापडले. हलीमाबी फाटकातच उभ्या होत्या. "शेषरावभाऊ, वर्ष होत आलं. भाजी येते, मानूस काहून येत नाही?"

शेषरावांनी मान खाली घातली. "कोन्या तोंडानं येऊ, भाबी? हरत मी होतो. खर्रा मी घोटत होतो. माह्याच हातचा खाल्ला न त्यानं."

आतून सत्तारभाईंचा ओला आवाज आला, "येऊ दे त्याले. खात तं मीच होतो न?"

शेषरावांच्या गालात तेव्हाही पुडी होती. हलीमाबींनी हातपंपाकडे बोट दाखवले. त्यांनी खळखळून चुळा भरल्या आणि ओसरीत आले. बसले ते नेहमीप्रमाणे वाकड्या बाणाच्या बाजूला. सत्तारभाईंच्या बधिर बोटाने तीनदा राणी हुकवली, तरी हरले शेषरावच. हरताच सवयीने त्यांचा हात खिशातल्या पन्नीकडे गेला आणि मधेच थांबला.

सत्तारभाईंनी तीन बोटे वर केली.

"तीन? तीन काय, सत्तारभाऊ? तीन चहा?"

सत्तारभाईंनी बोटे उभी आपल्या तोंडाशी नेली. एकच आत गेले. मग शेषरावांकडे बोट दाखवून म्हणाले, "हरला तू. आता हाच रिवाज. घाल."

शेषराव हसत हसत बोटे तोंडाशी घेऊन गेले. दोन गेली. तिसरे दातांना अडले. त्यांनी तोंड आणखी ताणले, डोळ्यांत पाणी आले, पण तिसरे जाईना. "माहे बोटंच जाड हायत," ते बोटे काढून म्हणाले. "मळ्यात काम करनाऱ्याचे बोटं. जातीन कसे?"

कोणी हसले नाही. हलीमाबींनी विचारले, "शेषरावभाऊ, तिखट लागते का तोंडाले?" शेषराव उगाच सोंगट्या गोळा करू लागले. गोळा करता करता म्हणाले, "वच्छला आजकाल फिकंच करते." वच्छला म्हणजे त्यांची बायको.

सत्तारभाई उठले, आतून आपली दवाखान्याची पिशवी आणली आणि पिंपाशी ठेवली. "उद्या पयली गाडी. मी येतो संगं."

म्हणून ओसरी आज रिकामी आहे. सत्तारभाईंचे एक बोट गेले होते, शेषरावांची दोन गेली. त्या एका बोटाचा फरक किती मोठा असतो, हे डॉक्टर सांगतील. मी लाकूड आहे, मला फक्त वाट पाहता येते.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला ओल लागू देऊ नका, असे सांगून मीही गोष्ट संपवली असती. पण माझे सोडा. तुमच्या घरी, तुमच्या गल्लीत, कोणाच्या गालात पुडी असेल तर त्यांना प्रेमाने सांगा, तीन बोटे उभी तोंडात घालून दाखवा. कोणी तिखट कमी घाल म्हणाले तर हसू नका. आणि कोणी आजारी असेल तर नुसते आराम करा म्हणून त्यांच्या हातातले काढून घेऊ नका. त्यांच्यासमोर डावाला बसा, तुम्हाला खेळता येत नसले तरी.

पाचची गाडी यायला अजून वेळ आहे. मघाशी हलीमाबी ओसरीत आल्या, फाटकाकडे पाहून गेल्या, पुन्हा आल्या. मग त्यांनी सोंगट्या हलणार नाहीत अशा बेताने मला हळूच फिरवून ठेवले. शेषरावांच्या जागेपुढे आता सरळ बाण आहे. वाकडा त्यांनी आपल्याकडे घेतला आहे.